हाताखालची भिंत

चिकपेट मेट्रोचा जिना चढून वर आलं की गर्दी एकदम अंगावर येते. त्या गर्दीतून वाट काढत लग्नपत्रिकांची दुकानं गाठायची आणि दोन दुकानांच्या मधला बोळ शोधायचा. बोळ असा, की समोरून हातगाडी आली तर भिंतीला पाठ लावून पोट आत घ्यावं लागतं. नवा माणूस पहिल्या खेपेला तो चुकतोच. बोळाच्या टोकाला मराठ्यांचं छत्र आहे. परगावच्या माणसाने फुकट उतरावं, दोन घास खावेत आणि सकाळी पुढच्या वाटेला लागावं, यासाठी कुणीतरी कधीकाळी बांधलेली ही जागा. आता तिथे कुणी उतरत नाही. पुढच्या बाजूला प्लास्टिकच्या पिशव्यांचं गोदाम आहे आणि मागच्या दोन खोल्यांत प्रेमाक्का आणि तिचे यजमान जयसिंगराव राहतात.

पेटेतल्या, म्हणजे इथल्या जुन्या बाजारपेठेतल्या, म्हाताऱ्यांना विचारलं तर ते सांगतात, छत्र शहाजीराजांच्या वेळचं. तसं पेटेतल्या मराठी घरांत जुनं म्हणून जे काही असेल ते शहाजीराजांच्या वेळचंच असतं, अगदी माळ्यावरचा अडकित्तासुद्धा. त्यामुळे या बोलण्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. पण इमारत जुनी आहे याबद्दल वाद नव्हता. निदान मागच्या वर्षापर्यंत तरी नव्हता.

प्रेमाक्का होसकोट्याहून लग्न होऊन इथे आली तेव्हा मधल्या दालनात तालीम होती. पेटेत तिला गरडी म्हणतात. तांबड्या मातीचा हौद, त्या मातीत तूप, ताक, हळद, लिंबं, आणि हौदाच्या कडेला उभे जयसिंगराव वस्ताद. नवी नवरी पहाटे उठून चुलीशी जायची, तर वाटेत लंगोट लावलेल्या पुरुषांची ही ये-जा. पहिले काही दिवस तिने डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून घेतला आणि दोनदा खांबावर आपटली. पुढे सवय झाली. पुढे ती त्यांना ताक नेऊन द्यायला लागली, आणि कुणाचा खांदा उतरला तर हळदीचा लेप तीच लावायला लागली. मग यंत्रांच्या जिमचे दिवस आले, मुलं येईनाशी झाली. छत्र सांभाळणाऱ्या समाजाच्या ट्रस्टने हौद बुजवून वर फरशी घातली आणि दालन पिशव्यांच्या व्यापाऱ्याला दिलं. जयसिंगरावांना देखरेखीसाठी म्हणून मागच्या खोल्या ठेवल्या. आणि साखरेच्या आजाराने त्यांचे डोळे नेले, आधी एक, मग दुसरा.

डोळे गेले तरी त्यांचं काही अडलं नाही, हे ऐकणाऱ्याला खोटं वाटेल. पण खरंच अडलं नाही. मागच्या खोलीच्या उंबऱ्यापासून पुढच्या दारापर्यंत एक लांब भिंत जाते. त्या भिंतीला हात लावायचा आणि चालू लागायचं. पुढे जाताना डावा हात, मागे येताना उजवा.

उंबरा ओलांडला की आधी हाताला दगडी खांब लागतो, थंडगार. त्याला कमरेएवढ्या उंचीवर आरपार भोक आहे. उतारू आपली जनावरं तिथे बांधत. खांब संपला की भिंत, आणि भिंतीत एक बुजवलेली खिडकी. प्लेगच्या वर्षी सरकारी डॉक्टर त्या खिडकीतूनच औषध द्यायचा. साथ सरल्यावर ती घाईघाईत विटांनी बुजवली, म्हणून विटा थोड्या पुढे आल्या आहेत. मग खिळ्यांच्या भोकांची रांग. इथे काही वर्षं मराठी शाळा भरायची आणि पोरं आपल्या पाट्या त्या खिळ्यांना टांगायची. भोकं इतकी खाली, की जयसिंगरावांना वाकावं लागतं, आणि वाकले की त्यांना कळतं, अर्धी वाट झाली. मग तालमीचा भाग. तिथे खांद्याएवढ्या उंचीवर भिंतीचा एक लांब पट्टा तुकतुकीत आहे. तेल चोपडलेले पैलवान पाठ टेकून तिथे दम खायचे आणि ते तेल मुरलेल्या भिंतीवर चुना कधी धरलाच नाही. शेवटी दारापाशी गळतीमुळे फुगलेले पापुद्रे, बोट लावलं की करकरणारे. पापुद्रे आले म्हणजे पुढे पायरी आली.

वस्ताद रोज सकाळी असे चालत जाऊन दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसायचे. वाटेत कुणी हात धरायला गेलं तर झटकून टाकायचे. एकदा प्रेमाक्कानेच धरला, तर म्हणाले, "या घरात मला धरायचं नाही. पोरं बघतील." पोरं जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण प्रेमाक्काने पुन्हा कधी हात धरला नाही.

भिंतीला दर वर्षी दसऱ्याच्या आधी, खंडेनवमीच्या आत, चुना लागायचा. इथे त्याला सुण्णा म्हणतात. त्याचा एक नियम प्रेमाक्काला सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितला होता. जुना सुण्णा खरवडायचा नाही. ज्याने आपल्या आधी दिला त्याचा हात खाली राहू द्यायचा, आपला वरून फिरवायचा. त्यामुळे भिंतीवर किती हात होते ते देवालाच ठाऊक. खड्डे भरत नव्हते, भोकं बुजत नव्हती, सगळ्यांवरून एक पातळ पांढरं पांघरूण तेवढं दर वर्षी पडायचं.

मागच्या वर्षी ट्रस्टने ठरवलं, छत्र पाडायचं. ट्रस्टचे अध्यक्ष प्रतापराव, जयसिंगरावांचे चुलतभाऊ. माणूस वाईट नव्हे. घरी येऊन, समोर बसून, वहिनींच्या हातची कॉफी घेऊनच त्यांनी सांगितलं. खाली दुकानं, वर लग्नाचा हॉल, समाजाचं भलं. "तुम्ही तोवर स्मृतीकडे राहा. बांधून झालं की वरती एक खोली तुमची." महानगरपालिकेच्या कागदावर इमारत साठ-सत्तर वर्षांपूर्वीची लागली होती, कारण सिमेंटचा दर्शनी भाग तेव्हा बांधला गेला. त्याच्या मागे काय उभं आहे हे कागदाला माहीत नव्हतं. म्हणजे पाडायला आडकाठी कसलीच नव्हती.

स्मृती ही त्यांची एकुलती एक लेक. बेळ्ळंदूरला राहते, तळ्याच्या बाजूच्या एका टोलेजंग इमारतीत. मुलगी गुणी, जावईही चांगला. दोघांनी आधीच्या उन्हाळ्यात आईवडिलांना हौसेने नेलं होतं. पण त्या घरातली प्रत्येक भिंत सारखी. गुळगुळीत, गार, कुठून सुरू झाली आणि कुठे संपली याचा पत्ता नाही. वस्ताद झोपायच्या खोलीतून निघायचे आणि हॉलमध्ये मध्येच उभे राहायचे. एका दुपारी प्रेमाक्का जरा आडवी झाली होती. उठून बघते तर ते कुठेच नाहीत. शेवटी धुण्याच्या यंत्रामागच्या बाल्कनीत सापडले. दोन्ही हात पुढे करून उभे होते, लुंगी ओली झाली होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज नाही, हुंदका नाही. ज्याच्या एका हाकेने अख्खा हौद चिडीचूप व्हायचा तो माणूस. ती जवळ गेल्यावर एवढंच म्हणाले, "प्रेमा, मला घरी ने."

तिने त्याच दिवशी नेलं. छत्रात शिरल्यावर त्यांनी पापुद्र्यांवर हात ठेवला आणि त्यांची पाठ ताठ झाली. हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून प्रतापराव बोलत होते तेव्हा तिला दुकानं दिसत नव्हती, हॉल दिसत नव्हता. तिला ती बाल्कनी दिसत होती. छत्र पडलं तर हा माणूस तिथे हात पुढे करून उभा राहील आणि तसाच मरेल, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

मग ती धावायला लागली. साठीच्या घरातली, गुडघे दुखणारी बाई. नगरसेवकाच्या ऑफिसात बसली, वकिलाच्या जिन्यात बसली, समाजातल्या जाणत्या माणसांचे उंबरे झिजवले. सगळे "सरी अक्का, बघूया" म्हणायचे आणि बघायचे मात्र घड्याळाकडे. यल्लम्माला नवस बोलून झाला. वस्तादांना तिने काही सांगितलं नाही. ते कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला छत्राच्या गोष्टी सांगत, आणि ती आत भाजी चिरता चिरता रडत असे.

अशातच एका रविवारी सुचेता आली. पुण्याची मुलगी, वास्तुकला शिकलेली, जे. पी. नगरात भाड्याने राहणारी. पेटेतली जुनी घरं बघत हिंडण्याचा तिला नाद. कट्ट्यावरच्या वस्तादांचं मराठी ऐकून ती थांबली. आत आली, दारापाशी गळून पडलेला एक पापुद्रा उचलला आणि उजेडात आडवा धरून बघत राहिली. चिरोटीला सुटतात तसे त्याला पदर सुटले होते. पांढरा, निळसर, पिवळा, मोरचूद घातल्यासारखा हिरवा, पुन्हा पांढरा, आणि तळाला मातकट.

"काकू," ती म्हणाली, "सगळं या भिंतीत आहे."

ती कामाला लागली. अर्ज केले, चकरा मारल्या. जुन्या वास्तू बघणारं जे सरकारी खातं आहे तिथल्या माणसाला राजी केलं. तिने प्रेमाक्काला समजावून सांगितलं, की खांबांवर कुणी विश्वास ठेवणार नाही, दगड कुठूनही आणून उभे करता येतात, असं ट्रस्टचा वकील म्हणतोय. भिंत मात्र कुठून आणता येत नाही. आणि मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. व्हाइटफील्डहून ऑफिसच्या गाडीत बसून बोलत होती, मागे हॉर्नचा गदारोळ.

"काकू, पुढच्या गुरुवारी त्या खात्याचे वादिराज सर येतायत. एकदाच येणार. ते फक्त भिंत बघणार. त्यांना पटलं की पाडकाम थांबलं म्हणून समजा. मी मधे पुण्याला जाऊन येतेय, गुरुवारी सकाळी थेट तिकडेच येते."

फोन ठेवल्यावर प्रेमाक्का भिंतीसमोर उभी राहिली. आणि पहिल्यांदाच तिने ती परक्याच्या नजरेने पाहिली. ओलीचे डाग, खिळ्यांची भोकं, तेलकट काळपट पट्टा, दारापाशी सोललेली कातडी.

आता इथे सुचेताला दोष देऊ नका. भिंतीला हात लावू नका, असं सांगायचं तिच्या डोक्यात कसं येणार? आणि प्रेमाक्कालाही देऊ नका. ती ज्या घरांत वाढली तिथे कुणी बघायला येणार म्हटलं की एकच गोष्ट करतात. तिला बघायला वस्तादांकडची मंडळी होसकोट्याला आली होती, तेव्हा वडिलांनी घर आतून-बाहेरून पांढरं केलं होतं आणि शेजारून खुर्च्या आणल्या होत्या. स्मृतीला बघायला आले तेव्हा प्रेमाक्काने तिच्या कपाळावरची जखमेची खूण पावडरीखाली झाकली होती. बघायला येणाऱ्यासमोर चांगलं काढायचं आणि वाईट झाकायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते अंगातच होतं. आणि या वेळी तर एकच संधी होती. एकदाच येणार, फक्त भिंत बघणार. असली भिंत दाखवली तर तो साहेब नाक मुरडून म्हणेल, पाडा हे खंडार. तिने पदर खोचला.

सुण्णा देणारा म्हातारा दोन वर्षांपूर्वी वारला होता. पलीकडच्या गल्लीतल्या मुनिराजूला बोलावलं. इमारतींना रंग देणारा हुशार गडी. त्याने भिंतीवर टकटक केलं आणि मान हलवली.

"सुण्णा आता कोण देतं अक्का? पुट्टी लावूया, वर प्लास्टिक पेंट. आरशासारखी होईल. पण हे जुनं सगळं काढायला पाहिजे. याच्यावर पुट्टी धरत नाही, आठ दिवसांत सोलून येईल."

"सगळं?"

"सगळं. विटेपर्यंत. मग स्वल्प सिमेंटचा हात, मग पुट्टी."

सासूबाईंचा नियम प्रेमाक्काला आठवला नाही असं नाही. चांगला आठवला. ती देवघरापाशी जाऊन उभी राहिली, सासूबाईंच्या फोटोकडे बघितलं आणि मनातल्या मनात म्हणाली, अत्याबाई, एवढ्या वेळी माफ करा, तुमच्या मुलासाठीच करतेय. मग बाहेर येऊन मुनिराजूला म्हणाली, "सरी. कर."

धुळीने वस्तादांची छाती भरून येईल म्हणून स्मृतीला फोन करून त्यांना तेवढे दिवस बेळ्ळंदूरला पाठवलं. ते जायला तयार नव्हते. "दसऱ्याचं रंगकाम लवकर काढलंय," असं तिने सांगितलं. जाताना त्यांनी सगळ्या भिंतीवरून हात फिरवत नेला आणि दारापाशी थबकून म्हणाले, "लवकर बोलव."

मुनिराजूची माणसं यंत्र घेऊन आली. दोन दिवस छत्रात कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येईना. भिंतीच्या पायथ्याशी ढीग साचत गेला. पांढरा, निळा, पिवळा, हिरवा. प्रेमाक्का नाकाला पदर लावून बघत होती. बाई गं, केवढी घाण होती ही, असं तिला वाटलं. इतक्या वर्षांची घाण निघतेय, याचं तिला बरंच वाटलं. तुकतुकीत पट्टा निघाला, खिळ्यांची भोकं भरली, खिडकीच्या पुढे आलेल्या विटा छिन्नीने मागे घेतल्या. मुनिराजूने मन लावून काम केलं. खांबाचं भोकसुद्धा त्याने आपणहून बुजवलं आणि खांबावर पुट्टी चढवली.

पुट्टी वाळत असताना प्रतापराव आले. दारात उभे राहिले. भिंत बघितली, ढीग भरलेली पोती बघितली, पुन्हा भिंत बघितली. प्रेमाक्काला वाटलं, आता चिडणार. पण ते चिडले नाहीत. आत आले, खुर्चीवर बसले, कॉफी मागितली आणि सावकाश प्यायले.

"छान केलंत, वहिनी," ते म्हणाले. "अगदी नवी दिसते."

त्यांनी एवढं कौतुक केल्यावर प्रेमाक्काचा ऊर भरून आला. बघून घ्या म्हणावं. बोळातून जाता जाता ते फोन कानाला लावून कुणाशी तरी बोलत होते, तेही तिने बघितलं, पण त्याचा अर्थ लावायची तिला गरज वाटली नाही.

गुरुवारी सकाळी तिने दारापुढे रांगोळी काढली, उदबत्ती लावली, केसरीभात केला आणि लग्नातली हिरवी इरकल नेसली. सुचेता स्टेशनवरून थेट आली, पाठीवर पिशवी, डोळे जागरणाने तांबडे. ती दारातून आत आली आणि उभी राहिली. भिंत दुधासारखी पांढरी होती. दिव्याचा उजेड तिच्यावरून घसरत होता.

"काकू," सुचेता म्हणाली.

"आवडली का गं?"

सुचेता भिंतीजवळ गेली आणि तळहात टेकून उभी राहिली. मग कपाळ टेकलं. तिच्या पाठीवरची पिशवी हलायला लागली, तेव्हा प्रेमाक्काला कळलं, की ही रडतेय. आणि मग हळूहळू, सुचेताने तुटक तुटक सांगितलेल्या शब्दांतून, तिला सगळंच कळलं. साहेब बघायला येणार होते ते सुण्ण्याचे जुने पदरच, इमारतीच्या वयाचा पुरावा तोच होता. ती तिथेच खाली बसली, इरकल चुरगाळत. "मला वाटलं ते बघायला येणार," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

वादिराज सर वेळेवर आले. निवृत्तीला टेकलेला, सावकाश बोलणारा, साधा माणूस. त्यांच्या मागोमाग ट्रस्टचा वकील फाइल घेऊन आला, आणि प्रतापराव. सरांनी भिंतीवर बोटाच्या पेराने वाजवून बघितलं. खालून वर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सगळीकडे सिमेंटचा एकच आवाज. सुचेताने फोनमधले फोटो दाखवले. वकील म्हणाला, फोटो कुठल्याही भिंतीचे असू शकतात. सुचेता म्हणाली, सिमेंट काढून बघा, आत जुनी वीट आहे. वकील म्हणाला, जुन्या विटा पाडकामाच्या बाजारात रोज मिळतात. सर दोघांचं ऐकत होते आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता.

प्रेमाक्का उठली. अनवाणीच बोळातून धावत सुटली. हातगाडीवाल्याच्या अंगावर आदळली, मुनिराजूच्या दारात जाऊन त्याचा दंड धरला.

"पोती कुठायत? माझ्या भिंतीची पोती?"

"ती? कॉर्पोरेशनची गाडी घेऊन गेली अक्का, परवाच. का?"

तो का विचारतोय हे ऐकायला ती थांबली नाही. गाडीसाठी पोती जिथे काढून ठेवली होती, बोळाच्या त्या कोपऱ्यात ती गुडघ्यांवर बसली आणि हाताने कचरा उपसायला लागली. चहाचे कप, पत्रिकांची कात्रणं, कुजलेली फुलं. लोक थांबून बघत होते. सांडलेले थोडे पापुद्रे मिळाले. तळहाताएवढा एक, बाकीचे तुकडे. ते ओच्यात घेऊन ती परत आली आणि वादिराज सरांपुढे धरले. ती कन्नडमधून काय काय बोलली ते तिला नंतर आठवेना. आपले यजमान आंधळे आहेत, हे मात्र ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

सरांनी मोठा तुकडा हातात घेतला. चष्मा वर करून त्याच्या कडेचे पदर बघितले, बराच वेळ. मग तो परत तिच्या हातात ठेवला, आणि तिची मूठ आपल्या हाताने मिटवली.

"अम्मा, हे भिंतीवर असतं तर मी आजच लिहून दिलं असतं," ते म्हणाले. "तुमच्या हातातलं मला लिहिता येत नाही."

ते गेले. केसरीभाताला कुणी हात लावला नाही. प्रतापराव जाताना काहीतरी बोलण्यासाठी थांबले, पण प्रेमाक्काने मान वर केली नाही, तेव्हा तेही गेले. सुचेता पायरीवर बसून राहिली.

दुपारी स्मृती वडिलांना घेऊन आली. ठरल्याप्रमाणेच. गाडी पत्रिकांच्या दुकानांपाशी सोडून दोघं बोळातून चालत आली. वस्ताद खुशीत होते, पेटेचा वास नाकात गेला होता. दारापाशी त्यांनी लेकीचा हात झटकला.

"आता सोड. घर आलं."

ते पायरी चढले आणि त्यांनी उजवा हात भिंतीकडे नेला. करकरणाऱ्या पापुद्र्यांच्या जागी. हात लागला आणि घसरला. त्यांनी पुन्हा लावला. थोडा वर, थोडा खाली. मग दोन पावलं मागे येऊन पायरी चाचपली. पायरी तीच होती. पुन्हा आत आले. भिंतीवरून हात फिरवत पुढे गेले, खांद्याएवढ्या उंचीवर तुकतुकीत पट्टा शोधत. पण आता सगळीच भिंत तुकतुकीत होती. अंदाजाने वाकले, भोकं शोधली, बोटांनी सगळीकडे शोधली. नवीन रंगाचा वास येत होता. ते सरळ उभे राहिले, पण पाठ ताठ झाली नाही. दोन्ही हात हळूहळू पुढे आले, बाल्कनीत आले होते तसे.

"स्मृती," ते म्हणाले, "तू मला पुन्हा तुझ्याकडेच आणलंस का? प्रेमाला फोन लाव. तिला म्हणावं, न्यायला ये."

प्रेमाक्का त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिला वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. तिच्याकडे त्यांना द्यायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तिने मुठीतला तो तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

वस्तादांनी अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला. एकदा, दोनदा. मग त्यांचा चेहरा बदलला.

"हा आपला आहे," ते म्हणाले. "दारापाशीचा." आणि थोड्या वेळाने, "प्रेमा, तू इथेच आहेस?"

"हो."

"मग बाकीची भिंत कुठे आहे?"

"मी काढली हो," प्रेमाक्का म्हणाली. "ते बघायला येणार होते म्हणून मी काढली."

कोण, कशाला, काही त्यांनी विचारलं नाही. तुकडा त्यांच्या बोटांत भुगा होत होता, त्याची पांढरी, निळी पूड फरशीवर पडत होती. स्मृती पुढे होऊ लागली, तर सुचेताने तिला दंडाला धरून थांबवलं.

मग वस्तादांनी हात सदऱ्याला पुसला आणि उजवा हात, भिंतीचा हात, प्रेमाक्काच्या दिशेने पुढे केला.

"धर मला," ते म्हणाले.

तिने धरला. दोघं मागच्या खोलीकडे निघाली, ती एक पाऊल पुढे, ते तिच्या मागे. भिंत त्यांच्या बाजूलाच होती, पण त्यांनी पुन्हा तिला हात लावला नाही.